सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा : फिनलंडच्या अनुभवातून काय घ्यावे?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी दोन घरफोड्या झाल्यापासून सोसायटीत सुरक्षेचा विषय सतत निघतो. आता कमिटीसमोर एक प्रस्ताव आला आहे. गेटवरची वही बंद करून तिथे चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवायचा, आणि रहिवासी, कामाला येणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाले अशा सर्वांचे चेहरे त्यात नोंदवून ठेवायचे. माझी आई ऐंशीच्या पुढची आहे आणि दुपारी घरात एकटी असते, त्यामुळे माझा या प्रस्तावाला मुळातून विरोध नाही.

माझी मुलगी तीन वर्षांपासून फिनलंडमध्ये, ताम्पेरे येथे नोकरी करते. फोनवर तिने एकच विचारले, "बाबा, हे चेहरे कुठे साठवणार, किती दिवस ठेवणार आणि कोण पाहू शकणार?" मला उत्तर देता आले नाही. त्या देशात प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न दरवर्षी नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक होते आणि लोक सरकारी यंत्रणेवर मोठा विश्वास ठेवतात, हे मी तिच्याकडूनच ऐकले आहे. मग असा मोकळा समाज खासगीपणाबद्दल इतका दक्ष कसा? सर्वसाधारण सभेत मला बोलायचे आहे, म्हणून जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

हिंजवडीहून

काका, मी माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो, आणि आमच्याकडे नवीन मुले रुजू झाली की त्यांना मी सर्वप्रथम फिनलंडमधील वास्तामो प्रकरण समजावून सांगतो.

वास्तामो ही मानसोपचार केंद्रांची खासगी साखळी होती. रुग्णांची नावे, पत्ते, ओळख क्रमांक आणि उपचारकांनी बैठकीनंतर लिहून ठेवलेली टिपणे एकाच डेटाबेसमध्ये होती. तो डेटाबेस बराच काळ इंटरनेटवर उघडा राहिला आणि त्याच्या मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता. चोरी २०१८-१९ मध्ये झाली, लोकांना कळले ऑक्टोबर २०२० मध्ये. सुमारे ३३,००० रुग्णांची माहिती गेली होती. चोराने आधी कंपनीकडे ४० बिटकॉइन मागितले, आणि ते मिळत नाहीत असे दिसल्यावर त्याने थेट रुग्णांना ई-मेल पाठवले, की चोवीस तासांत २०० युरो भरा, नाहीतर रक्कम ५०० होईल आणि त्यानंतर तुमची टिपणे जगासमोर येतील. ज्यांनी आयुष्यात फक्त एका माणसाजवळ मन मोकळे केले होते, त्यांच्या हातात असा ई-मेल पडला.

कंपनी फेब्रुवारी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तेथील माहिती संरक्षण यंत्रणेने तिला ६,०८,००० युरोंचा दंड ठोठावला, कारण माहिती नीट राखली गेली नव्हतीच, शिवाय झालेली घुसखोरी वेळेवर कळवलीही नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने आरोपीला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली, आणि निकालात खंडणीच्या प्रयत्नाचे वीस हजारांहून अधिक गुन्हे मोजले गेले.

आपण खासगीपणा म्हटले की सरकारच्या पाळतीचा विचार करतो. तिथे सर्वांत खोल जखम एका मध्यम आकाराच्या खासगी कंपनीच्या निष्काळजीपणामुळे झाली, आणि तिच्याकडे माहिती देणारे सर्वजण स्वखुशीने, मदतीसाठी आले होते. गेटवरचा कॅमेरा पुरवणारी कंपनीही त्याच प्रकारात मोडते. त्यातही पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. युरोपच्या माहिती संरक्षण नियमांत ओळख पटवण्यासाठी वापरलेली चेहऱ्याची माहिती आरोग्याच्या माहितीबरोबर विशेष संरक्षणाच्या वर्गात ठेवली आहे.

सरकारी संस्था आपोआप सुरक्षित असतात असे मात्र समजू नये. २०२४ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या शिक्षण विभागात घुसखोरी झाली आणि प्राथमिक अंदाजानुसारच ८०,००० हून अधिक विद्यार्थी व पालक त्या कक्षेत आले. ज्या त्रुटीतून चोर शिरला, तिच्यावरची दुरुस्ती उपलब्ध होती, ती बसवली गेली नव्हती.

सदाशिव पेठ

मी समुपदेशक आहे, त्यामुळे वास्तामोबद्दल वाचले तेव्हा काही दिवस माझ्या टिपणवहीला हात लावणे जड गेले. आजही मी टिपणात पूर्ण नाव लिहीत नाही आणि कपाटाची किल्ली कोणाकडे देत नाही.

कोथरूडकरांनी जुन्या वहीचाही विचार करावा, असे मला वाटते. आमच्या इमारतीच्या वहीत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, मोबाईल क्रमांक आणि "कोणाकडे" या रकान्यात माझे नाव लिहिले जात असे. पुढचा पाहुणा सही करताना मागचे पान सहज वाचू शकत होता. एका मुलीने त्याच कारणाने येणे थांबवले. तेव्हापासून मी वॉचमनना विनंती करून माझ्याकडे येणाऱ्यांची फक्त वेळ आणि मजला लिहायला लावला. त्यामुळे कॅमेरा नको म्हणून वही तशीच चालू ठेवणे हे काही उत्तर नव्हे.

औंध, पूर्वी औलू

मी फिनलंडमधील औलू शहरात सात वर्षे राहिले, त्यामुळे दुसरी बाजूही सांगते. फिनलंडचे लोक तंत्रज्ञानाला घाबरणारे नाहीत. तेथील आणीबाणीच्या क्रमांकासाठी ११२ सुओमी नावाचे ॲप २०१५ पासून आहे. त्यातून फोन लावला की तुमचे नेमके ठिकाण मदत केंद्राला कळते. जंगलात मशरूम गोळा करताना वाट चुकलेल्या माणसाला रस्त्याचे नाव सांगता येत नाही, तेव्हा त्याचा जीव वाचवणारी हीच सोय असते. पण तुम्ही फोन लावला तरच ठिकाण कळते, एरवी ते कोणाकडे जात नाही. करोनाच्या काळात, बाधिताच्या संपर्कात आल्यास सावध करणारे कोरोनाविल्कू ॲप ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आले आणि साडेपंचावन्न लाखांच्या देशात ते सुमारे २५ लाख वेळा उतरवून घेतले गेले. ते ठिकाण नोंदवतच नव्हते. जवळ आलेले फोन एकमेकांना निनावी संकेत देत आणि ते फोनमध्येच राहत. लोकांनी विश्वास ठेवला तो हे सारे आधी समजावून सांगितले म्हणून.

आरोग्याच्या नोंदी तिथे कान्ता या राष्ट्रीय सेवेत एकत्र असतात, आणि आपली नोंद कोणी उघडली हे विचारण्याचा रुग्णाला कायद्याने अधिकार आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. पाहणाऱ्याचीही नोंद राहते, म्हणून लोक मोकळेपणाने माहिती देतात. पोलिसही याला अपवाद नाहीत. तेथील राष्ट्रीय तपास विभागाने बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या तपासात क्लिअरव्ह्यू हे चेहरे ओळखणारे सॉफ्टवेअर प्रायोगिक स्वरूपात वापरले होते. हेतू चांगला होता, तरी माहिती संरक्षण लोकपालांनी २०२१ मध्ये पोलिसांना ताकीद दिली, कारण ती माहिती किती काळ राहील आणि पुढे कोणाकडे जाईल हे न तपासताच छायाचित्रे त्या सेवेत टाकली गेली होती.

आणखी एक गोष्ट, जी सभेत कोणी काढणार नाही. तेथील नोकरीतील खासगीपणाचा कायदा २००४ चा आहे. त्यानुसार एखाद्या ठरावीक कर्मचाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी सहसा कॅमेरा लावता येत नाही, आणि कॅमेरे लावण्यापूर्वी कर्मचाऱ्यांशी चर्चा करावी लागते. तुमच्या गेटवरचे वॉचमन बारा तास त्या कॅमेऱ्याखाली बसणार आहेत. मावशींना "चेहरा द्या, नाहीतर कामाला येऊ नका" असे सांगितले जाणार आहे. त्यांचे म्हणणे कोणी विचारले आहे का?

हिंजवडीहून

ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागतानाची सूचना मराठीत मिळण्याचा पर्याय त्यात आहे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे असे म्हटले आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. कंपनीच्या प्रतिनिधीला हे तिन्ही विचारा आणि उत्तरे लेखी घ्या.

कोथरूडकर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, मनापासून आभार. काल कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावले होते. चेहरे त्यांच्या सर्व्हरवर राहतात हे त्यांनी सांगितले, मात्र घर सोडून गेलेल्या भाडेकरूचा चेहरा कधी पुसला जातो यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. मी सभेत असा ठराव मांडणार आहे की चेहऱ्याची नोंद कोणावरही सक्तीची नसावी, पाहुण्यांसाठी घरातून फोनवर होकार घ्यावा, गेटचे चित्रण पंधरा दिवसांनी पुसावे, आणि ते कोणी उघडले तर त्याचे नाव व कारण वेगळ्या वहीत लिहावे. आईसाठी स्वतंत्रपणे एक घंटा बसवतो आहे, जी दाबली की वॉचमनच्या केबिनमध्ये आणि माझ्या फोनवर वाजेल.

औंधच्या ताईंनी लिहिलेले वाचून आज सकाळी मुद्दाम खाली गेलो. सध्याचा कॅमेरा फाटकाकडे नाही, तर थेट वॉचमनच्या खुर्चीवर रोखलेला आहे. ते डबा खातात तेही त्यात दिसते. त्यांना विचारले तर म्हणाले, "साहेब, दोन वर्षं झाली, मी पाठ करून जेवतो." त्यासाठी सभेची वाट पाहण्याची गरज नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावून दुपारीच तो कॅमेरा फाटकाकडे वळवून घेतला.