मदत हवी आहे : जुनी येझ्दी गरम झाली की आपोआप रेस होते आणि बंद पडते

नमस्कार मंडळी. सेलूजवळ (जि. परभणी) गावी वडिलांची 1974 ची येझ्दी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाची, 250 सीसी, टू-स्ट्रोक, 6 व्होल्ट. याच गाडीवर ते मोंढ्यात जायचे. नंतर बरीच वर्षं ती कोठ्यात कडब्याआड पडून होती. यंदा पोळ्याला ती गावातून फिरावी अशी त्यांची फार इच्छा आहे, आणि माझीही.

टाकीचा गंज काढला, पेट्रोलची नळी बदलली. कार्बोरेटर खोलून पायलट जेट साफ केला. प्लग, कंडेन्सर, बॅटरी नवी. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप 0.4 मिमी ठेवलाय. एका सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. स्क्रूड्रायव्हरनं टोकरून काढलं तर आतून वाळलेले कोळी निघाले! ते निघाल्यावर गाडी लगेच किकला लागली.

आता खरी अडचण. इंजिन थंड असताना छान चालते. इंजिन तापलं की ॲक्सिलरेटर न देता रेस वाढते, आणि मग बंद. प्लग पांढराफटक निघतो. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टू-टी ऑइल टाकतो. इथला मिस्त्री म्हणतो बोअर करा (सिलिंडर आतून कापून मोठा करा), पण कॉम्प्रेशन चांगलं आहे, किकला दम आहे. चांगला बोअर उगाच कापायला मन धजत नाही. इंजिन न उतरवता दोष कळेल का?

उत्तर :

दादा, बोअरला हात लावू नका. पांढरा प्लग आणि आपोआप चढणारी रेस म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा आत ओढली जातेय. आधी कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं पॅकिंग बघा. गाडी चालू ठेवून तिथं कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मारा, आवाज बदलला तर दोष तिथंच. गरम सायलेन्सरवर उडू देऊ नका. उजव्या बाजूला मात्र फवारा अजिबात नको, डायनामोत पॉइंटची ठिणगी पडते, आग लागेल.

तिथं फक्त झाकण काढून बघा. आर्मेचरभोवती (डायनामोचा मधला फिरणारा भाग) तेलकट काळं ओलं असेल तर त्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती हवा अडवणारी रबरी कडी, गेलं. डाव्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. आर्मेचर काढायला पुलर बोल्ट वापरा, हातोडी नको. तोवर अशी गाडी लांब दामटू नका, पिस्टन जाम होईल.

मूळ प्रश्नकर्ता :

भाऊ, मनापासून आभार. पॅकिंग ठीक निघालं. झाकण काढलं तर आर्मेचरच्या मागं काळं ओलं आहे. गिअर ऑइल जागेवर आहे. म्हणजे उजवंच सील. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात साधं रबर टिकणार नाही असं वाटतं. विटॉनचं (इंधनात टिकणाऱ्या खास रबराचं) सील जालना, नांदेड किंवा संभाजीनगरला कुणाला मिळालंय का? मापासाठी जुनं सील सोबत घेऊन येईन.