रायगडावर 1674 मध्ये पोचलेली मुलं: काळप्रवासाच्या गोष्टीत इतिहास बसवायचा कसा?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. चौथी ते सहावीच्या मुलांसाठी आठ भागांची मालिका लिहिते आहे, एकेक भाग साधारण 1200 शब्दांचा. बहीण-भाऊ सहलीला रायगडावर जातात आणि जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखापाशी असताना थेट राज्याभिषेकाच्या दिवसांत जाऊन पडतात. तीन भाग झालेत, पण भेटेल तो माणूस मुलांना माहिती सांगत सुटतो. गोष्ट राहते बाजूला आणि धडा सुरू होतो. हे कसं टाळायचं? शिवाय 6 जून ही तारीख धरून मागे गेलं तर चालेल ना? आणि त्या काळच्या माणसांनी बोलायचं कसं?

गडवाटा:
चौथीच्या पुस्तकात शिवचरित्र असतंच, त्यामुळे राज्याभिषेक झाला, गागाभट्ट आले, अष्टप्रधान नेमले हे तुमच्या वाचकाला आधीच ठाऊक आहे. तेच पुन्हा पात्रांच्या तोंडून वदवलं की मूल पान उलटतं. माहिती अडचण होऊन आली पाहिजे. ती कळल्याशिवाय मुलांचं पाऊल पुढे पडता कामा नये.

शिलालेखाचंच बघा. त्यात शक आकड्यांत नाही, शब्दांत आहे: ‘षण्णवबाणभूमि’. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, बाण म्हणजे पाच (मदनाचे बाण पाच), भूमी म्हणजे एक. मुलं ओळीने 6951 लिहून काढतील आणि काहीच होणार नाही. अशा शब्दांकात आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात, म्हणजे 1596. त्यात 78 मिळवले की 1674. हे कोडं सुटलं की मुलं तिकडे पोचतात, असं करा. कालगणनेवर स्वतंत्र परिच्छेद लागणार नाही आणि वाचणारं मूल कागद-पेन्सिल घेऊन बसेल.

पोचल्यावरची दुसरी अडचण वाटेची. आज राजवाड्याच्या जागी बरीचशी जोतीच उरली आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, त्या आगीत गडावरचं लाकूडकाम जळून गेलं. त्यामुळे सहलीत उघड्या जोत्यांवरून सरळ चालत गेलेली मुलं तिथे भिंती, दारं, छपरं आणि पहारे बघून पार गोंधळतील. हातात नकाशा असूनही वाट चुकेल. यातून किल्ला कसा होता हे आपोआप दिसतं.

एक कृपा करा: मुलांना महाराजांचे सल्लागार बनवू नका. आजच्या मुलाने युक्ती सुचवली आणि स्वराज्य वाचलं असं लिहिलं की त्या काळच्या माणसांची अक्कल आणि मेहनत आपण हिरावून घेतो. मुलांचं काम छोटं ठेवा. हरवलेली वस्तू परत मिळवायची आणि वेळेत निघायचं, इतकंच.

पंचांगवाला:
तारखेत तीन खाचखळगे आहेत, आणि तिन्ही कथेच्या फायद्याचे आहेत.

पहिला: 6 जून ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. इंग्रज तेव्हा तेच वापरत. आपल्या आजच्या कॅलेंडरने तो दिवस 16 जून 1674 येतो. म्हणजे मुलांनी आजच्या हिशेबाने 6 जून धरला तर ती दहा दिवस आधी, जुन्या 27 मेला उतरतील. महाराजांची मुंज 29 मेला झाली. तेव्हा मुलांना सिंहासनाचा सोहळा दिसणार नाही, तयारीची धांदल दिसेल. माझ्या मते मालिकेसाठी हेच दहा दिवस सोन्यासारखे आहेत.

दुसरा: जेधे शकावलीत, म्हणजे त्या काळच्या घटनांच्या तारीखवार नोंदीत, वार शुक्रवार दिला आहे आणि ‘तीन घटिका रात्र उरली’ तेव्हा राजे सिंहासनावर बसले असं म्हटलं आहे. इंग्रजी तारखेने मात्र 6 जूनला शनिवार येतो. दोन्ही बरोबर आहेत. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी दिवस मध्यरात्री. तीन घटका म्हणजे 72 मिनिटं, तेव्हा आजच्या घड्याळात पहाटे पावणेपाचच्या सुमारास. ‘शनिवारी सकाळी बघू’ म्हणून झोपलेली मुलं मुहूर्त हुकवतील.

तिसरा पावसाचा. नव्या हिशेबाने जूनचा मध्य म्हणजे रायगडावर पाऊस कधीही कोसळेल असे दिवस. चित्रकाराला कोरडं, निळं आभाळ काढू देऊ नका. इरली, घोंगड्या, शेवाळलेले दगड दाखवा.

परतीची मुदत मोजायला घटिकापात्र वापरा. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी चढत चढत ती 24 मिनिटांत बुडते, की झाली एक घटका. अशा 60 घटकांचा दिवस, आणि घटकेची 60 पळं. बिघाडही खरेच घाला: भोकात कचरा अडकला की वाटी उशिरा बुडते आणि घटका लांबते. राखणदाराला डुलकी लागली आणि बुडालेली वाटी तशीच राहिली की मोजणीच चुकते. भागाच्या शेवटी प्रयोग द्यायचा तर टाकाऊ पातळ वाटीला मोठ्या माणसाकडून सुईएवढं भोक पाडून घ्यायला सांगा. आधी बारीकच, मग वेळ बघत थोडं थोडं मोठं. एकदम मोठं पाडलं की वाटी दोन मिनिटांत तळाला जाते आणि भोक पुन्हा लहान करता येत नाही.

मोडीवाचक:
बोलण्याबद्दल. निवेदन आजच्या मराठीत ठेवा. त्या काळच्या माणसांच्या तोंडी पानाला दोन-तीन जुने शब्द पुरेत, तेही कृतीतून कळतील असे. सगळे संवाद बखरीच्या थाटात लिहिले तर नऊ वर्षांचं मूल तिसऱ्या ओळीला अडकतं, आणि आपली व्याकरणाची तारांबळ उडते ती वेगळीच.

पण शब्दांचा काळ जरूर सांभाळा. मुलं 27 मेला पोचणार असतील तर तेव्हा ‘सरनोबत’, ‘मुजुमदार’, ‘डबीर’ ऐकू यायला हवं. याच पदांची सेनापती, अमात्य, सुमंत ही संस्कृत नावं राज्याभिषेकाच्या वेळी रुळवली गेली, आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणाऱ्या राज्यव्यवहारकोशाचं कामही याच धोरणातलं. भावाने हंबीरराव मोहित्यांना ‘सेनापती’ म्हटलं की पहारेकऱ्याच्या कपाळाला आठी पडेल. ‘छत्रपती’ हा शब्दही तसाच. शिवराई या महाराजांच्या नाण्याच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं. सहलीत घेतलेली शिवराईची नक्कल मुलीच्या खिशात असेल आणि ती राज्याभिषेकाच्या आधीच सापडली, तर? अजून झालेल्याच नसलेल्या गोष्टीचं नाणं! तुमच्या चौथ्या भागाचा शेवट इथे तयार आहे.

खाण्यात चहा, टोमॅटो, साबुदाणा नको. नाचणीची भाकरी, भात, ताक चालेल. काडेपेटी नाही, चकमक आणि गारगोटी.

पाटीपेन्सिल:
नाण्याची कल्पना घेतेच! पण मुलांना मुख्य सोहळा दिसावा असंही वाटतं. तिथे वर्णन करताना पाल्हाळ होतो. आणि हिरकणी घ्यावी का?

गडवाटा:
सोहळा दाखवायला हेन्री ऑक्झेंडन उपयोगी पडेल. मुंबईकर इंग्रजांचा हा वकील तेव्हा गडावर होता आणि नारायण शेणवी हा त्यांचा दुभाषा. मुलांना दुभाष्याच्या मागे सामान उचलायला लावा, म्हणजे दरबारात शिरायला कारण मिळेल. ऑक्झेंडनने टिपलेल्या वस्तू मोजक्या आणि नेमक्या आहेत. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाले, उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकावर समतोल तराजू. दाराशी लहान हत्ती आणि घोडे. एवढ्या अवघड वाटेने ही जनावरं वर आणली कशी, याचंच त्याला नवल वाटलं. हाच प्रश्न मुलीला पडू द्या. भावाला फक्त तराजू दिसू द्या, कारण तो पुढच्या माणसांच्या खांद्यांमधून बघतोय. दोन नजरा, चार वस्तू, बास. पाल्हाळ तिथेच थांबतो.

हिरकणी घ्या, पण गडावर ऐकलेली गोष्ट म्हणून. ती आख्यायिका आहे, मुलांनी ती प्रत्यक्ष घडताना बघितली असं नको. बाजारपेठेत घोड्यावर बसूनच खरेदी व्हायची, हेही तसंच. शेवटच्या भागानंतर एक पान राखून ठेवा: कोणती माणसं खरी, कोणती तुमची, कोणती गोष्ट लोकांच्या तोंडी आलेली. ऑक्झेंडन आणि नारायण शेणवी खरे, सामान उचलणारी मुलं कल्पनेतली, इतकं सरळ. चित्रकारालाही हे पान आधीच पाठवा, नाहीतर तो हिरकणीला दरबारात उभी करेल.