मदत हवी आहे: बर्गनहून एका दिवसात फ्योर्ड आणि धबधबे, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन नॉर्वेतल्या बर्गनला जाणार आहोत. मी नेदरलँड्समध्ये राहते, ते दोघं चिपळूणहून माझ्याकडे आलेत. बर्गनमध्ये सबंध मोकळा असा एकच दिवस मिळतोय आणि तो फ्योर्डसाठी (डोंगरकड्यांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) राखून ठेवलाय. तो कसा घालवावा यावर घरात रोज चर्चा होते, पण निर्णय काही होत नाही. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कोयनेच्या चौथ्या टप्प्यावर होते, आमचं लहानपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं. १९९९ साली कोयनेच्या जलाशयाला तळाकडून तोंड पाडून पाणी बोगद्यात घेतलं, ते लेक टॅपिंग अनेकांना आठवत असेल. त्या कामात नॉर्वेचा अनुभव फार मोठा, त्यामुळे बाबांच्या मनात हा देश तेव्हापासून आहे. त्यांना धबधबा बघायचाय, पण त्याचं पाणी येतं कुठून आणि पुढे जातं कुठे हेही कळायला हवंय. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाटीवर ती छान चालते, जिने उतरताना त्रास होतो. तिला शांतपणे बसून बघता येईल असं काहीतरी हवंय. पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

प्रश्न असे:

बर्गनहून निघून आगगाडी, बोट आणि बस असा जो गोल फेरा सगळे करतात (म्युरडाल, फ्लॉम, गुडवांगेन, वॉस), तो आईला झेपेल का? सगळीकडे दहा-बारा तास लिहिलंय.

गाइडसोबत जावं की नुसती तिकिटं काढून आपलं आपण? पैशांत बराच फरक दिसतोय. तो कशाचा?

त्याऐवजी हार्डांगरच्या बाजूला जाऊन व्योरिंगफॉसेन धबधबा बघावा का? बाबांचा कल तिकडे आहे.

आणि पाऊस लागला तर? बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो म्हणे.

आई-बाबांचा शेंगेन व्हिसा नेदरलँड्सचा, एकदाच प्रवेशाचा आहे. तो चालेल ना?

आगाऊ आभार.

प्रतिसाद: फ्योर्डकाठची

ताई, मी बर्गनमध्ये बरीच वर्षं राहते आहे. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला हा फेरा हवा असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिसाचं आधी. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. तुम्ही शेंगेनच्या बाहेर पाऊलच टाकत नाही, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. पासपोर्ट मात्र तिघांचे जवळ ठेवा.

आता फेरा. तो आईंना झेपेल, कारण त्यात चालणं फार थोडं आहे. दमवतं ते बदलणं: गाडीतून बसमध्ये, बसमधून बोटीत, बोटीतून पुन्हा गाडीत. प्रत्येक बदल तसा सोपा आहे. वॉसला बस स्टेशनाच्या दारात मिळते. फ्लॉमला धक्का आणि रेल्वे स्टेशन एकमेकांना लागून आहेत. म्युरडालला फलाट बदलायचा असतो. पण प्रत्येक ठिकाणी गर्दी एकदम हलते, आणि त्या लाटेबरोबर पळायचं नाही हे आधीच ठरवून टाका. जागा सगळ्यांना मिळते.

माझं ठाम मत असं की फेरा उलटा करा. म्हणजे सकाळी बर्गन ते वॉस आगगाडी, तिथून बसने गुडवांगेन, मग बोटीने फ्लॉम, आणि शेवटी फ्लॉमची गाडी चढून म्युरडाल, तिथून थेट बर्गन. बहुतेक लोक फ्लॉमला आधी जातात. उन्हाळ्यात फ्लॉमला मोठी क्रूझ जहाजंही लागलेली असतात आणि त्यांतली माणसं दिवसाउजेडी त्या छोट्या गाडीत भरतात. संध्याकाळकडे ती जहाजावर परततात आणि गाव श्वास घेतं. शिवाय बोट सकाळच्या ताज्या डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे. दमल्यावर गाडीत बसून राहायला हरकत नाही. उजेडाची चिंता नको, जूनमध्ये इथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो.

बोटीचा मार्ग नेरॉयफ्योर्डमधून जातो. हा सोग्नफ्योर्डचा एक फाटा. सोग्नफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि सर्वांत खोल ठिकाणी १३०० मीटर. नेरॉयफ्योर्ड मात्र एका जागी जेमतेम २५० मीटर रुंद आहे, आणि दोन्ही बाजूंचे कडे थेट पाण्यातून उठतात. २००५ पासून तो गायरांगरफ्योर्डबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुमच्या बाबांना दाखवा: धबधबे जिथून कोसळतात त्या ओठांच्या मागे बहुतेकदा एक लहान दरी असते. हिमयुगात मुख्य हिमनदीने तळ खोल खरवडला, बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढं जमलं नाही, म्हणून त्यांच्या दऱ्या वर लटकत राहिल्या. पाणी तिथून सरळ खाली येतं. आणि ते पावसाचं कमी, वितळत्या बर्फाचं जास्त. आपल्याकडे माळशेज-आंबोली जूनअखेर जागे होतात. इथे मे-जूनच्या कोरड्या, उन्हाच्या दिवसांतही धबधबे भरलेले असतात. तुम्ही योग्य वेळी येताय. ऑगस्टमध्ये यातले कित्येक बारीक होतात.

बोटीबद्दल आईंना आवर्जून सांगा. या मार्गावरच्या नव्या बोटींत वरच्या डेकवर जायला बाहेरून नागमोडी उतार केलाय, घाटातल्या पायवाटेच्या धर्तीवर. जिना न चढता वर जाता येतं. आत मोठ्या काचा, बसायला जागा, स्वच्छतागृह, खायला-प्यायला छोटा काउंटर, सगळं आहे. आणि बाबांना हे सांगा: त्यांतली २०१८ साली आलेली बोट पूर्ण बॅटरीवर चालते. गुडवांगेनच्या वीजवाहिन्यांना एवढा भार एकदम पेलणारा नव्हता, म्हणून तिथे तरंगत्या धक्क्याच्या पोटातच २.४ मेगावॉट-तासांची बॅटरी बसवली. ती दिवसभर हळूहळू भरते आणि बोट आली की झटकन तिला देते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे कड्यावरून पडणारं पाणी ऐकू येतं. मला स्वतःला या सगळ्या फेऱ्यात तोच भाग सर्वांत प्रिय आहे.

फ्लॉमची गाडी: वीस किलोमीटरांत समुद्रसपाटीपासून ८६६ मीटर चढते, साधारण तासाभराचा प्रवास. वीस बोगदे, त्यांतले अठरा माणसांनी हाताने खोदलेले. चढ हजार मीटरला ५५ मीटर. साध्या रुळांवर, दात्यांच्या चाकाशिवाय, एवढा चढ जगात फार थोड्या ठिकाणी आहे. काम १९२०च्या दशकात सुरू झालं, गाड्या १९४० साली धावल्या, वीज १९४४ साली आली. आणि बाबांसाठी खास: हा मार्ग तीनदा नदी ओलांडतो, पण पूल एकही नाही. नदीलाच बोगदा खणून रुळांखालून वळवलंय.

मध्ये ख्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते. डब्यातून थेट फळ्यांच्या फलाटावर उतरायचं, तुषार अंगावर येतात, लाकूड ओलं असतं. आईंना दारातूनही दिसेल, उतरायलाच हवं असं नाही. या पाण्यावर तिथेच एक छोटं वीजघर आहे, ते या रेल्वेसाठी बांधलं होतं.

गाडीत कुठल्या बाजूला बसावं असं सगळे विचारतात. ती इतकी वळते की दोन्ही बाजूंना वाटा मिळतो. आईंना दाराजवळची जागा बघा, तेवढं पुरे.

गाइडविषयी दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, स्टेशनवर उतरायची वेळ झाली.

प्रतिसाद: जलसंपदा_निवृत्त

तुमच्या वडिलांचं मन मी समजू शकतो, मीही त्याच खात्यातला. म्हणून व्योरिंगफॉसेनची बाजू मांडतो.

एकूण उंची १८२ मीटर, त्यांतली १४५ मीटर एकसंध उडी. पठाराच्या कडेवरून माबोडालेन नावाच्या दरीत पाणी जातं. वरच्या बाजूला कठडे असलेले सज्जे बांधलेत, तिथवर वाहनतळापासून सोपं चालत जाता येतं. २०२० साली दरीवरून पायऱ्यांचा पूल केला, त्याला ९९ पायऱ्या आहेत. वहिनींनी तिकडे जाऊ नये, सज्ज्यातून सगळं दिसतं.

पण खरी गोष्ट वेगळी. या खोऱ्याचं बरंच पाणी वर अडवून सीमा वीजकेंद्राकडे नेलेलं आहे. ते १९८० साली सुरू झालं, डोंगराच्या पोटात आहे, क्षमता ११२० मेगावॉट. आपली कोयना १९६० मेगावॉटची. धबधबा आटू नये म्हणून पर्यटनाच्या हंगामात ठरावीक पाणी त्यात सोडावंच लागतं, तसं बंधन आहे. म्हणजे तुम्ही बघता तो प्रवाह निसर्गाचाही आहे आणि कागदावर ठरलेलाही. पाटबंधाऱ्याच्या माणसाला त्या सज्ज्यावर उभं राहून विचार करायला पुष्कळ मिळतं. मी तिथून लवकर हललो नाही.

अडचण अंतराची. बर्गनहून बसने एका बाजूला तीन तास धरा. वाटेत नोरहाइमसुंडजवळ स्टाइन्सडाल्सफॉसेन धबधबा लागतो, पन्नास मीटरांचा, त्याच्या मागून चालत जाता येतं. फरसबंद वाट आहे पण चढाची. एका दिवसात जाऊन येऊन बस फार होते.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. रुळांखालून नदी वळवल्याचं ऐकून ते कागद-पेन्सिल घेऊन बसलेत. आईला उताराची बोट पटली. पण सहा तास बस ऐकून ती गप्प झाली. फ्योर्डकाठची, गाइडचं राहिलं हं! आणि खाण्याचं.

प्रतिसाद: फ्योर्डकाठची

हो, लिहिते.

दोन प्रकारची तिकिटं विकली जातात आणि नावं इतकी सारखी असतात की गोंधळ होतो. एकात सगळी तिकिटं एकत्र बांधून मिळतात, वेळा जुळवलेल्या असतात, पण सोबत कोणी नसतं. दुसऱ्यात माणूस सोबत असतो, तो बोलतो, मोजतो, एखादी गाडी चुकली तर पुढची सोय बघतो. पैशांतला फरक त्या माणसाचा. तेव्हा काढण्याआधी एकच गोष्ट तपासा: वर्णनात गाइड दिवसभर सोबत असल्याचं स्पष्ट लिहिलंय का. ‘गाइड’ म्हणून फोनवरचं ध्वनिमुद्रण देणाऱ्याही सहली आहेत.

तुमच्या बाबतीत मी गाइड घेणार नाही. मार्ग सरळ आहे, सगळ्यांना इंग्रजी येतं, पाट्या चांगल्या आहेत, आणि बाबांना जे जाणून घ्यायचंय ते साधारण गाइड सांगत नाही. गटाबरोबर असलं की आईंना सगळ्यांच्या वेगाने उतरावं-चढावं लागेल. त्यांच्या गुडघ्याचा विचार करता आपल्या वेगाने जाणं जास्त महत्त्वाचं. तुम्ही सोबत नसतात आणि ते दोघंच जाणार असते, तर मी नक्की गाइड घ्या म्हटलं असतं.

उन्हाळ्यात बर्गनच्या रेल्वेमार्गावर कधी कधी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यावर बदली बस असते. तारीख पक्की करण्याआधी रेल्वेच्या वेळापत्रकात ते बघा. तसं असेल तर दिवस बदला, आईंना आणखी एक चढ-उतार नको.

खाणं: घरून डबा घ्या. इथले लोकही डबा घेऊनच प्रवास करतात, गाडीत-बोटीत उघडून खातात, कोणी वळून बघत नाही. धपाटे, चटणी, थोडी केळी. फ्लॉममध्ये शाकाहारी मिळतं, पण महाग आणि पर्याय थोडे. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं, बाटल्या विकत घेऊ नका. तपकिरी चीज मिळालं तर आईंना चाखू द्या (रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध फाडायला वापरतात तो वासराच्या जठरातला पदार्थ, चालतो का ते मात्र त्यांना आधी विचारा), चव आंबूस कंदी पेढ्यासारखी लागते. फ्लॉमजवळच्या उंड्रेडाल गावातलं बकरीच्या दुधाचं चीज प्रसिद्ध आहे, बोटीतून ते गाव दिसतं.

पाऊस: येईलच असं धरून या. छत्री नको, वाऱ्यात उलटते. पूर्ण लांबीचे रेनकोट, कानटोप्या, आईंना पाठीवरची छोटी सॅक म्हणजे दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे राहतील. म्युरडालला जूनमध्येही आजूबाजूला बर्फ असू शकतो, फलाटावर थंडी वाजते. आणि ढग खाली आले तरी तिकिटं रद्द करू नका. पावसाच्या दिवशी नेरॉयफ्योर्डच्या कड्यांवर जिथे काल काही नव्हतं तिथे पाण्याच्या पांढऱ्या रेघा उमटतात.

प्रतिसाद: कोथरूडची_मावशी

एक छोटा पर्याय. आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी काकूंना दहा-बारा तास नकोच वाटले, तर बर्गनच्या धक्क्यावरूनच मोस्ट्राउमेनची बोट सुटते. साडेतीन तासांत परत. अरुंद खाडीतून जाते, एका धबधब्याच्या अगदी खाली नाक नेऊन उभी राहते आणि खलाशी बादलीत ते पाणी धरून सगळ्यांना प्यायला देतात. माझ्या सासूबाई पूर्ण वेळ खिडकीशी बसून होत्या. कुठेही बदलायचं नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

मावशी, हे फार चांगलं सुचवलंत. आता असं ठरतंय: उलटा फेरा, गाइडशिवाय, आणि त्या सकाळी आईचा गुडघा दुखत असेल तर मी आणि ती मोस्ट्राउमेनला, बाबा फ्लॉमला एकटे. ते आनंदाने तयार आहेत. काकांनी सांगितलेलं व्योरिंगफॉसेन पुढच्या खेपेला, मुक्काम करून.

एकच राहिलं. बाबा एकटे गेले तर म्युरडालला बर्गनची गाडी पकडताना त्यांनी काय बघायचं?

प्रतिसाद: फ्योर्डकाठची

त्याच मार्गावर उलट दिशेला ओस्लोच्या गाड्या जातात, घाईत त्यात बसणारे असतात. फलाटावरच्या फलकावर शेवटचं स्टेशन ‘बर्गन’ आहे हे वाचायचं, डब्याच्या दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून विचारायचं, मगच चढायचं. तुमचा फोन नंबर त्यांच्या खिशात कागदावर लिहून ठेवा, बोगद्यांत नेटवर्क जातं. मी त्या आठवड्यात बर्गनमध्येच आहे, व्यक्तिगत निरोप पाठवा, संध्याकाळी स्टेशनवर त्यांना घ्यायला मी जाऊ शकते.