उत्तर: उत्तर: शनिवारच्या पिकनिकनंतर टिक (तातडीचं)

मेधा, सोमवार, सकाळी ७:४८

अर्णवच्या कानामागे केसांत टिक (गोचीड) सापडली. शनिवारचीच असणार, काल दिवसभर पाऊस होता, आम्ही घरातच होतो. चिमट्याने ओढली तर निघाली, पण जागेवर काळा ठिपका राहिलाय. तोंड आत अडकलं का? डॉक्टरांचं ऑफिस ९ ला उघडतं. तोवर काय करू? फोटो जोडलाय, हरणाची टिक आहे की कुत्र्याची (जाती वेगळ्या) ते कुणीतरी बघून सांगा. आणि बाकीच्यांनीही मुलं तपासा. लगोरीचा चेंडू शोधायला सगळीच त्या गवतात घुसली होती.

विनय, ८:०५

ठिपका कोरू नकोस. सुई तर लांबच ठेव. तोंडाचा तुकडा राहिला तरी त्यातून लाइम (टिक चावून होणारा जीवाणूचा आजार) होत नाही, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. साबणाने धू, वर अल्कोहोल लाव.

टिक फेकली नाहीस ना? चिकटपट्टीत बंद करून झिपलॉकमध्ये ठेव, वर तारीख लिही. पाठीवर पांढरट नक्षी होती का? असेल तर कुत्र्याची, तिच्याने लाइम होत नाही. नक्षी नसेल आणि खसखशीएवढी असेल तर हरणाच्या टिकचं पिल्लू. मे ते जुलै त्यांचाच मोसम, बहुतेकांना लाइम देतात ती हीच, कारण दिसतच नाहीत. मुख्य म्हणजे फुगली होती की चपटी?

फोटो आला नाही.

मॉडरेटर, ८:११

ईमेल लिस्टवर अटॅचमेंट जात नाहीत. गणपतीच्या वेळी सांगितलं, संक्रांतीला सांगितलं. कृपया.

श्रीकांतकाका, ८:४०

मेधा, घाबरू नकोस. आमच्या दोडामार्गाकडे गुरांच्या अंगावर गोचिडी ढिगाने. रॉकेलचा बोळा टेकवला की आपसूक गळून पडत. व्हॅसलीननेही होतं म्हणतात. इथली मंडळी एका किड्याला किती घाबरतात! अर्थात तिकडेही आता पूर्वीसारखं राहिलं नाही. २०१६ पासून माकडताप आलाय, काजूच्या बागेत जायचं तर भाऊ आधी हातापायांना तेल चोपडतो. रानात माकड मेलेलं दिसलं की गावात निरोप फिरतो. तोही गोचिडीचाच आजार, म्हणून लिहिलं.

विनय, ८:५२

काका, मान राखून सांगतो, रॉकेल नको, व्हॅसलीन नको, काडी पेटवून तर नकोच. टिक चिडली किंवा गुदमरली की पोटातलं जखमेत ओकते, आणि जंतू असतात पोटातच. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची, पिळायची नाही. माकडताप विषाणूचा, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. लाइमचा जीवाणू आहे, त्याला पडतं. दोन्हींची सरमिसळ नको, वाचून मुलांच्या आया घाबरतात.

श्रीकांतकाका, ८:५८

सरमिसळ मी केली नाही. माहिती दिली.

मेधा, १०:२०

नर्सशी बोलले. टिक किती तास चिकटून होती, विचारलं. मी म्हटलं शनिवारी दुपारपासून, म्हणजे ४० च्या वर. तर म्हणे रविवारी आंघोळ घातली तेव्हा दिसली नव्हती ना, मग नंतरही चढली असेल. हो, डोकं मीच धुतलं होतं आणि काही दिसलं नाही. पण खसखस काळ्या केसांत दिसते का? आता त्यांचं म्हणणं, ३६ तास चिकटल्याची खात्री नाही, म्हणून डॉक्सीचा (डॉक्सिसायक्लिन, लाइम टाळायचं अँटिबायोटिक) डोस नाही, पुरळ उठलं तर या. विनय, नक्षी नव्हती, आणि किंचित फुगलेली वाटते. राखाडी झालीय.

समीर, १०:३१

नर्सचं बरोबरही असू शकतं. शनिवारचे कपडे कुठे होते? आमच्याकडे एकदा पिकनिकच्या पिशवीतूनच दुसऱ्या दिवशी टिक निघाली होती. ओलसर कपड्यांच्या गठ्ठ्यात त्या मजेत जगतात. म्हणून आल्या आल्या कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये, हायवर १० मिनिटं. कोरड्या उष्णतेने मरतात. गार पाण्यात धुतलं तर मरत नाहीत.

मेधा, १०:३४

पिशवी त्याच्याच खोलीत होती. 😐

विनय, १०:४९

म्हणूनच घड्याळापेक्षा पोट बघायचं. चपटी असेल तर नुकतीच लागलेली. राखाडी आणि फुगलेली म्हणजे दिवसाहून अधिक रक्त पीत होती. आंघोळीच्या वेळी दिसली नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. परत फोन कर, 'फुगलेली आहे' हेच आधी सांग, टिक सोबत घेऊन ये म्हणतात का विचार.

अपर्णाताई, दुपारी १२:१५

औषध सांगायला मी लिस्टवर येत नाही, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. प्रतिबंधाचा एकच डोस द्यायचा तर तीन गोष्टी बघतात: हरणाची टिक, लाइम भरपूर असलेला भाग (आपल्या कनेक्टिकटबद्दल शंका नको), आणि ३६ तास किंवा जास्त चिकटलेली. शिवाय काढल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायला हवा. म्हणजे मेधा, गुरुवारी सकाळपर्यंत वेळ आहे, आज रात्री रडत बसायची गरज नाही.

दातांवर डाग पडतात म्हणून आठ वर्षांखाली डॉक्सी नाही, असं कुणी म्हणालं तर ते मागे पडलंय. २१ दिवसांपर्यंतचा कोर्स कुठल्याही वयात चालतो, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स सांगते, हा तर एकच डोस, वजनावर ठरणारा. रक्ततपासणीचा आग्रह आज धरू नका. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, आत्ताच्या निगेटिव्हला अर्थ नाही.

नितीन, १२:४०

अपर्णाताईंच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. माझ्या गुडघ्यामागे डाग आला तेव्हा एका अर्जंट केअरमध्ये 'कोळी चावला असेल' म्हणून मलम देऊन परत पाठवलं. तपासणी निगेटिव्ह. नंतर अर्धा चेहरा लुळा पडला तेव्हा लाइमचं नाव निघालं. सगळे चित्रातलं ते लाल वर्तुळात पांढरं वर्तुळ शोधतात. आपल्या सावळ्या कातडीवर तसं दिसेलच असं नाही, माझं तर मुक्या मारासारखं जांभळट होतं, खाजत नव्हतं, दुखतही नव्हतं. हाताला जरा गरम लागायचं, आणि रोज थोडं थोडं वाढत गेलं. चावल्यावर ३ ते ३० दिवसांत कधीही उठतं. मेधा, पेनने कड आखून ठेव आणि रोज फोटो काढ. कानामागे केसांत असेल तर तेवढे केस कातर, शाळेत कोणी हसत नाही.

सुलभाकाकू (पिकनिक समिती), १:०५

मुलाची काळजी सगळ्यांनाच आहे. पण सकाळपासून 'ते गवत, ते गवत' वाचतेय म्हणून लिहिते. स्लीपिंग जायंट पार्कला आपण जिथे बसलो तो भाग कापलेला होता. चेंडू पायवाटेच्या पलीकडे गेला, तिथे मुलांना जायला समितीने सांगितलं नव्हतं. आणि माझा मोठा स्टीलचा डबा, झाकणावर 'सु' कोरलेलं, कोणाकडे गेलाय?

समीर, १:२२

काकू, समितीवर कुणी बोट ठेवलेलं नाही. पण २०१८ च्या टोरनेडोत तिथली मोठी झाडं गेल्यापासून सावलीसाठी सगळे कडेला झुडपांत जाऊन बसतात हे खरं ना? पुढच्या वेळी समुद्रावर जाऊ या. रॉकी नेक कसं आहे?

विनय, १:२६

समीर, रॉकी नेक ईस्ट लाइममध्ये आहे. लाइम. १९७५ मध्ये ओल्ड लाइमच्या आसपास मुलांचे सांधे सुजायला लागले, तिथून या रोगाचं नाव पडलं. जंतू सापडला १९८२ मध्ये.

समीर, १:२७

😂 माघार. हॅमोनॅसेट?

विनय, १:३३

वाळूत टिक नसते, पण वाळूच्या मागच्या उंच गवतात असते. जागा बदलून हरणं आणि उंदीर बदलत नाहीत. पिल्लं जंतू घेतात ते पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून, हरीण फक्त मोठ्या टिकला पोसतं. बसायची जागा उन्हात, कापलेल्या गवताच्या मधोमध घ्या, कडेला नको.

सुलभाकाकू (पिकनिक समिती), १:४०

स्थळ समिती ठरवेल. सूचना समितीच्या पत्त्यावर पाठवाव्यात, लिस्टवर नाही.

मेधा, ४:५५

परत फोन केला. 'फुगलेली' म्हटल्यावर डॉक्टर स्वतः फोनवर आले, टिक घेऊन बोलावलं. हरणाचीच. डोस दिला, जेवणाबरोबर, उन्हात जपा म्हणाले. पुरळावर आणि तापावर महिनाभर लक्ष ठेवायचं आहे. कोपऱ्यावरच्या फार्मसीत पातळ औषध नव्हतं, दुसरीकडून आणलं. अर्णव डब्यातले बेसनलाडू खातोय.

टिक तपासायला पाठवू का?

विनय, ५:१०

न्यू हेवनच्या ॲग्रिकल्चरल एक्सपेरिमेंट स्टेशनला पाठवता येते, गावच्या हेल्थ डिपार्टमेंटमार्फत. हौस म्हणून पाठव. पण निकालावर अर्णवचं काही ठरवू नकोस. टिकमध्ये जंतू निघाला तरी मुलाला दिलाच असेल असं नाही, आणि निगेटिव्ह आला तरी न दिसलेली दुसरी टिक असू शकते. बाकीच्यांनी आज रात्री काख, जांघ, बेंबी, गुडघ्यामागची खोबण, केस तपासा. आजी-आजोबांचीसुद्धा.

अपर्णाताई, ५:२५

छान झालं. लाडू चालतील. डेअरी आणि लोहाची गोळी डॉक्सीच्या डोसाजवळ नको, एवढंच.

समीर, ६:०२

परमेथ्रिन (टिक मारणारं कीटकनाशक) स्प्रेची एकत्र ऑर्डर टाकतोय, ०.५ टक्केवाली. बूट, मोजे आणि विजारीवर मारायची, अंगावर नाही. वाळवून मग घालायचे, काही धुण्यांपर्यंत टिकते. अंगाला लावायचं, किडे दूर ठेवणारं डीट किंवा पिकॅरिडिन वेगळं. कोणाला किती बाटल्या हव्यात ते शुक्रवारपर्यंत मला कळवा.

नितीन, ६:१५

ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी फवारणी घराबाहेर करा. ओलं परमेथ्रिन मांजराला विषारी. पूर्ण वाळलं की चालतं. मला दोन.

सुलभाकाकू (पिकनिक समिती), ६:३०

मला एक. मेधा, लाडू कोणत्या डब्यातले?