फोटोतली ‘झाक’ आणि ‘उडालेला’ चेहरा : नेमके मराठी शब्द कोणते?

प्रश्न

मोकळ्या जागेत काढलेले लहान मुलांचे फोटो नंतर कसे सुधारायचे, यावर पालकांसाठी छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. ‘कलर कास्ट’ (अख्ख्या फोटोवर किंवा एखाद्या भागावर नको तो रंग चढणं) आणि ‘ओव्हरएक्स्पोजर’ (जास्त उजेडाने फोटो पांढरा होणं) या दोन शब्दांपाशी गाडी अडली. पहिल्याला ‘रंगदोष’ लिहिलं, तर वाचणारीने विचारलं, हे रंगांधळेपणाबद्दल आहे का? दुसऱ्याला ‘अतिप्रकाशित’ केलं, पण तो शब्द वाचला की वर्षाला चार पुस्तकं काढणारा लेखकच डोळ्यांपुढे येतो. काही सुचतंय का?

प्रतिसाद १

पहिल्याला ‘झाक’. आपण बोलताना म्हणतोच की, ‘याला जरा हिरवी झाक आहे.’ ‘छटा’ मात्र नको. छटा त्या रंगाची स्वतःची असते, झाक दुसऱ्या रंगाची आणि वरून आलेली. हिरवळीवर बसलेल्या पोराची हनुवटी आणि मानेखालचा भाग पाहा. ऊन गवतावर पडून खालून उसळतं आणि कातडीला हिरवं करतं. लाल टोपीची कड कपाळावर हेच काम करते. सावलीतला फोटो निळा येतो, कारण तिथे थेट ऊन नसतं, उजेड निळ्या आकाशाचा असतो. भर दुपारच्या उन्हाचं रंग-तापमान (उजेड किती पिवळा की निळा याचं माप, आकडा मोठा तितका निळा) साधारण ५५०० केल्विन धरतात, मोकळ्या सावलीचं ७००० आणि त्याहून वर.

प्रतिसाद २

झाक मान्य. पण ‘हिरवी झाक’ की ‘हिरवट झाक’? माझं मत हिरवटला. ‘-ट’ लागला की बहुधा नावड डोकावते: मळकट, कळकट, पिवळट. ‘-सर’ सौम्य आहे: लालसर, निळसर. (खारट, तुरट यांनी माझा नियम लगेच मोडला, हे कळतंय मला.) निळ्याला मात्र ‘निळट’ कोणी म्हणत नाही, तिथे निळसरच. आणि ‘हिरवट’ माणसाला लावला तर भलताच अर्थ होतो, तेव्हा ‘हिरवट मुलगा’ असं चुकूनही छापू नका. झाकेलाच चिकटवून ठेवा.

प्रतिसाद ३

मी डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून कागदावर फोटो काढायच्या अंधाऱ्या खोलीत, वाढलेला माणूस, म्हणून दुसऱ्या शब्दाबद्दल लिहितो. बरेच जण सरळ ‘फोटो जळला’ म्हणतात. तो घेऊ नका. प्रिंट काढताना एखादा भाग ‘बर्न’ करायचा म्हणजे तिथे कागदाला जास्त उजेड देऊन तो *काळा* करायचा. पुढे ‘हायलाइट (फोटोतले सगळ्यात उजेडाचे भाग) बर्न झाले’ म्हणजे *पांढरे* झाले. एकाच शब्दाची दोन टोकं. मराठी कानाला तर जळलेलं म्हणजे कोळसाच.

‘चेहरा पांढरा पडलाय’ हेही फसवं, वाचणाऱ्याला वाटेल पोर घाबरलं. आम्ही ‘उडालाय’ म्हणायचो. ‘कपाळ उडालंय, शर्ट पूर्ण उडालाय.’ हाच शब्द मला बरोबर वाटतो, कारण उडालेलं परत येत नाही. जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा यांची प्रत्येकी कमाल किंमत २५५. तिन्ही तिथे पोचले की तो ठिपका नुसता पांढरा, त्यात नाक-गालाचा काही तपशीलच उरत नाही. तुम्ही तो गडद केलात तर राखाडी ठिगळ मिळतं, गाल मिळत नाही. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न करता जशीच्या तशी ठेवलेल्या नोंदीत, थोडा माल शिल्लक असतो, पण तिथेही मर्यादा आहेच.

प्रश्न विचारणारी

म्हणजे झाक घालवता येते आणि उडालेलं भरता येत नाही. मग दोघांना एकाच मथळ्याखाली ‘दुरुस्ती’ म्हणणं चूक ठरेल ना?

प्रतिसाद ३

हो. उडालेल्याला फार तर ‘सावरणं’ म्हणा. आणि एक गंमत. कातडीत लाल सगळ्यात जास्त असतो, म्हणून आधी तो २५५ ला अडकतो. मागून हिरवा वाढत राहतो आणि गाल पिवळट दिसू लागतो. लोक याला झाक समजून तापमानाची पट्टी निळ्याकडे ओढतात. गालाचा पिवळेपणा कमी होतो खरा, पण बाकीचं सगळं चित्र थंड पडतं आणि गेलेला लाल काही येत नाही. ही झाक नाहीच, अर्धवट उडालेलं आहे.

प्रतिसाद १

हे पुस्तिकेत घ्याच. शिवाय हनुवटीची हिरवट झाक घालवायला अख्ख्या फोटोला किरमिजीकडे नेऊ नका. गवत मळकं होईल आणि कपाळ गुलाबी. एका चेहऱ्यावर दोन उजेड असतील, तर ब्रशने तेवढीच जागा निवडायची. व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर (ज्यावर टेकवाल ते राखाडी धरून सगळे रंग जुळवणारं साधन) खऱ्या राखाडी वस्तूवर टेकवा. उडालेल्या पांढऱ्या शर्टावर टेकवलं, तर ते काय वाचणार?

प्रतिसाद ४

‘उजळ’ हा शब्द जपून वापरा. ‘फोटो उजळ करा’ म्हटलं की निम्मे वाचक ‘मूल गोरं करा’ असं ऐकतात. सावळ्या मुलाचा फोटो एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उडवून त्याला ‘छान आलाय’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. ‘उजेड वाढवा’ लिहा. उजेड फोटोचा असतो, उजळपणा माणसाला चिकटतो.

प्रश्न विचारणारी

पटलं. आता असं लिहिलंय : ‘आधी पाहा, चेहऱ्याचा कुठला भाग उडालाय का. मग हनुवटीखाली हिरवट झाक आहे का ते पाहा.’

प्रतिसाद २

‘झाक आहे’ बरोबर, पण ‘हनुवटी हिरवट झाक मारतेय’ असंही म्हणतात. तुम्ही कुठलं क्रियापद घेणार?

प्रश्न विचारणारी

‘मारतेय’. पोरांच्या फोटोत आणखी कोण काय मारतंय याचा हिशेब नंतर करू.