घरातलं उरलेलं कोंबड्यांना घालते, आता अंडीच कमी झालीत, काय चुकतंय?

अंगणवेल: परसात ५ कोंबड्या आहेत, सव्वा वर्षाच्या. अन्न टाकायचं जिवावर येतं म्हणूनच पाळल्या. रोज भात, पाव, भाज्यांची देठं-सालं असं भांडंभर नेते, बघितलं की पळत येतात आणि पाच मिनिटांत फस्त. पण तीन आठवड्यांत दिवसाची ४ अंडी होती ती २ वर आली आणि काल एकाचं कवच इतकं पातळ की उचलतानाच बोट आत गेलं. लेअर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) समोर असतं, त्याला हल्ली तोंडच लावत नाहीत. सगळं बंद करू का?

खुराडेवाली: बंद नका करू ताई, आधी माप कमी करा. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते, त्यातलं उरलंसुरलं १० टक्क्यांच्या वर नको, म्हणजे तुमच्या पाचजणींना मिळून ६० ग्रॅमच्या आसपास, एवढंच! भातानं-पावानं पोट भरतं पण अंड्याला लागतं ते त्यात नसतं. लेअर फीडमध्ये प्रोटीन १६ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, एका अंड्याच्या कवचातच २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, ते भातातून कुठून येणार. सकाळी फक्त फीड ठेवा, उरलेलं दुपारनंतर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाते.

मातीतला: वरचं अगदी बरोबर. फक्त एक, बुरशी आलेलं काहीही घालू नका, वरचा भाग काढूनसुद्धा नाही, बुरशीचं विष आत उतरलेलं असतं आणि ते दिसत नाही. हिरवट बटाट्याची सालं, कच्चा राजमा, अ‍ॅव्होकॅडोची साल-बी, चॉकलेट, खारट पदार्थ हेही नको. आणि संध्याकाळी उरलेलं उचलाच, रात्रभर राहिलं की उंदीर-घुशी आल्याच समजा.

पहाटपक्षी: गळ्याखालची अन्नाची पिशवी तपासता का? रात्री खुराड्यात शिरल्यावर हात लावा, भरलेली लागेल, सकाळी खायला घालायच्या आधी ती सपाट हवी. माझ्या एका कोंबडीची सकाळीसुद्धा पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली, तोंडाला आंबूस वास, मी आदल्या दिवशी ओला पाव भरपूर घातला होता. तसं दिसलं तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, कुणी उलटं धरून ओकवायला सांगेल, ते करू नका, अन्न श्वासनळीत जाऊन कोंबडी जागीच जाऊ शकते.

अंगणवेल: खूप खूप आभार सगळ्यांचे. आजच काट्यावर तोलून बघितलं, मी ७०० ग्रॅम घालत होते!! त्यांच्या पूर्ण दिवसाच्या खाण्यापेक्षा जास्त. सगळ्यांच्या पिशव्या सकाळी रिकाम्या होत्या ते बरं झालं. पण मग बाकीच्याचं काय करायचं?

मातीतला: देठं-सालं सुक्या पानांसोबत खतात जाऊ द्या, शिजवलेलं मात्र थोडंच, नाहीतर वास सुटतो. आणि ७०० ग्रॅम रोज उरतंय तर भाताचं माप अर्धी वाटी कमी करून बघा.

अंगणवेल: १२ दिवस झाले. काल ३ अंडी, आज ४, आजचं कवच टणक आहे. भाताची अर्धी वाटी कमी केली, कुणी उपाशी उठलं नाही 🙏