टेरेसवरचा रात्रीचा वॉक, शुगर आणि झोप

शिंदे (ए-302): ऊन वाढलंय, म्हणून टेरेस आता रात्री साडेदहापर्यंत उघडी राहील. शुगरवाल्यांनी जेवून चाललं तर झोप चांगली लागते का? जाणकारांनी सांगावं.

कुलकर्णी, फिजिओथेरपिस्ट (बी-104): लागते, काका. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत 10 ते 15 मिनिटं चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. साखर साधारण 180 (mg/dL, मीटरवर दिसतो तो आकडा) च्या वर गेली की ती लघवीवाटे जायला लागते आणि सोबत पाणीही नेते. रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं ते बऱ्याचदा त्यामुळेच. मात्र झोपायच्या तासभर आधी जिने चढणं, दोरीउड्या असलं जोराचं काही नको; ठोके वाढलेले असताना डोळा लागत नाही.

आठवड्याला 150 मिनिटं व्हावीत, आणि सलग दोन दिवस खाडा नको. व्यायामाचा शुगरवरचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो.

बिराजदार (डी-201): मग संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला दोन तास चाललं तर आणखी चांगलं ना?

डॉ. देशमुख (सी-401): दादा, इथंच गडबड होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर एकदम दोन तास नको. स्नायूंमधला साखरेचा साठा रिकामा होतो आणि तो भरायला ते रात्रभर रक्तातली साखर घेत राहतात. त्यामुळे चालताना काही होत नाही, पहाटे दोन-तीनला शुगर उतरते. मानेखाली उशी ओली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड. घरच्यांना वाटतं उकाड्याचा घाम आहे. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये हा गैरसमज हमखास होतो. त्यामुळे अंदाज नको, बोटातून रक्त घेऊन स्ट्रिपवर बघा.

70 च्या खाली असेल तर तीन सपाट चहाचे चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात विरघळवून प्यायची. 15 मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. शुगर वर आली की मग अर्धी भाकरी. आधीच भाकरी आणि शेंगाचटणी देऊ नका, तेलामुळे साखर चढायला वेळ लागतो. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

सौ. जाधव (ए-105): शुगरची फक्त मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर?

डॉ. देशमुख (सी-401): ताई, मग ही भीती फारच कमी. इन्सुलिनवाल्यांनी मात्र जास्त चालणं झालेल्या दिवशी झोपण्याआधी तपासा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. चालायला जाण्याआधीचं इंजेक्शन मांडीत नको, पोटावर घ्या. चालणाऱ्या पायातून इन्सुलिन लवकर भिनतं. आणि घोरता घोरता श्वास अडकत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर नुसत्या वॉकवर विसंबू नका, झोपेची तपासणी करून घ्या.

कुलकर्णी (बी-104): टेरेसवर अनवाणी कोणीही नको! आपली फरशी दिवे लागल्यावरही तापलेली असते. पाय बधिर असणाऱ्यांना चटका कळत नाही, सकाळी फोडच दिसतो. मोजे, बंद बूट घाला आणि परतल्यावर तळव्याखाली आरसा धरून बघा.

शिंदे (ए-302): वॉचमनच्या टेबलावर ग्लुकोज पावडरचा डबा ठेवतो. प्रमाण डब्यावर लिहून चिकटवतो.

डॉ. देशमुख (सी-401): चमचाही डब्यातच ठेवा, काका.